गिऱ्हाईक विचारतं तेच लिहायचं : व्हर्जिनियातल्या एका स्विमिंग पूल कंपनीचं प्रकरण

धंद्यासाठी ब्लॉग सुरू करणाऱ्या बहुतेकांचे विषय महिन्याभरात संपतात. ‘आमच्याविषयी’ लिहून होतं, सणाच्या शुभेच्छा देऊन होतात, ‘आमच्या उत्पादनाचे दहा फायदे’ही होतात, आणि मग पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. विषय सुचावे लागतात, ही समजूतच मला मुळात चुकीची वाटते. चालता धंदा असेल तर विषय रोज दुकानात येत असतात, फोनवर येत असतात. आपण त्यांना चौकशी म्हणतो आणि उत्तर देऊन विसरून जातो. हे नीट समजून घ्यायचं तर एक प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे. ते अमेरिकेतलं आहे, पंधरा वर्षांपेक्षा जुनं आहे आणि आपल्याकडे फारशा कुणी न विकलेल्या वस्तूचं आहे. तरीही धंद्याच्या लिखाणाचे विषय कुठून येतात, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

परिस्थिती

व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व भागात वॉरसॉ नावाचं छोटं गाव आहे. तिथे रिव्हर पूल्स अँड स्पाज ही कंपनी २००१ साली सुरू झाली. घरामागच्या अंगणात खड्डा खणून त्यात फायबरग्लासचा तयार पूल बसवून द्यायचा, हा तिचा धंदा. तीन भागीदारांपैकी एक होते मार्कस शेरिडन. ते विक्री सांभाळायचे. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, अंगण बघायचं, घरातल्यांबरोबर तास-दोन तास बसून शंका मिटवायच्या आणि ऑर्डर घेऊन यायचं, असं त्यांचं काम होतं.

अमेरिकेत असा पूल ही किरकोळ खरेदी नसते. तिच्यावर पन्नास हजार डॉलर सहज जातात. त्या काळात बरेच लोक घराच्या वाढलेल्या किमतीवर बँकेकडून कर्ज काढून हा पैसा उभा करायचे. २००८ साली घरांचा बाजार कोसळला, बँकांनी हात आखडते घेतले आणि पुलाची मागणी आटली. महिन्याला सरासरी सहा ऑर्डर यायच्या तिथे त्या हिवाळ्यात जेमतेम दोन येऊ लागल्या. पन्नास हजारांच्या वरचं काम ठरवलेल्या चार गिऱ्हाइकांनी ॲडव्हान्स परत मागितला. बँकेचं खातं उणे झालं.

तोवर कंपनी जाहिरातीवर वर्षाला सुमारे अडीच लाख डॉलर खर्च करत होती. रेडिओ, टीव्ही आणि इंटरनेटवरच्या क्लिकमागे पैसे द्यायच्या जाहिराती, असा तो खर्च होता. हे पैसे आता नव्हते. वेबसाइट होती, पण ती छापील माहितीपत्रकासारखी होती : फोटो, पत्ता, फोन नंबर.

विषय सापडले ते कुठे

२००९ च्या सुरुवातीला शेरिडन यांनी जे केलं ते ऐकायला फार साधं वाटतं. पूल विकायला लागल्यापासून गिऱ्हाइकांनी त्यांना जे जे प्रश्न विचारले होते, ते आठवून त्यांनी कागदावर उतरवले. मग एकेक प्रश्न हाच एकेका लेखाचा मथळा धरून त्याचं उत्तर लिहायला सुरुवात केली. दिवसभर धंदा आणि रात्री घरी बसून लिखाण, असं चाललं.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. यादी करणारा माणूस विक्री करणारा होता. त्याने हे प्रश्न समोरासमोर, गिऱ्हाइकाचा चेहरा बघत ऐकले होते. कुठल्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, कुठल्या उत्तरानंतर खांदे सैल पडतात, कुठला प्रश्न निघताना दारात उभं राहून हळूच विचारला जातो, हे त्याला माहीत होतं. बाहेरच्या एजन्सीला काम दिलं असतं तर तिने ‘उन्हाळ्यात पोहण्याचे फायदे’ लिहून दिलं असतं. त्यात चूक काहीच नसतं, फक्त पूल घ्यायला निघालेल्या माणसाला ते वाचायची गरज नसते. पोहण्याचा फायदा पटला म्हणूनच तर तो पूल शोधत असतो.

पूर्ण यादी पाहिली तर प्रश्नांचे दोन गठ्ठे पडतात. पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला कुणाचीच ना नसते : पूल बसवायला किती दिवस लागतात, पाणी किती वेळा बदलावं लागतं, हिवाळ्यात काय करायचं, भोवती कुंपण हवं का. दुसऱ्या गठ्ठ्यातले प्रश्न मात्र त्या धंद्यातले सगळेच टाळत होते. केवढ्याला पडतो? यात खोट काय? सिमेंटचा घेऊ की फायबरग्लासचा? तुमच्यापेक्षा चांगलं काम कोण करतं? शेरिडन यांनी नेमका हा दुसरा गठ्ठा आधी उघडला. माझ्या मते या प्रकरणाचं सगळं मर्म त्यात आहे. विषय सापडत नाहीत असं म्हणणाऱ्याकडे पुष्कळदा विषय असतात, पण ते लिहायला नको असतात.

किमतीचा लेख

पहिला मोठा लेख होता फायबरग्लासचा पूल केवढ्याला पडतो, याच प्रश्नावर. त्या वेळी पूल विकणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर किंमत सापडत नसे. ‘संपर्क करा’ एवढंच असे. आपल्याकडे फेसबुकवर साड्या विकणाऱ्यांपासून फ्लॅट विकणाऱ्यांपर्यंत जी ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ची पद्धत आहे, तीच.

किंमत न सांगण्याची कारणं सगळीकडे सारखीच असतात. प्रत्येक काम वेगळं असतं, मग एक आकडा कसा देणार? आकडा दिला की शेजारचा स्पर्धक तो पाहून आपला दर पाडेल. आणि आकडा बघूनच गिऱ्हाईक पळालं तर?

पहिलं कारण खरं आहे, आणि शेरिडन यांच्या लेखाची मांडणी त्या खरेपणावरच उभी होती. त्यांनी एक ठाम आकडा दिला नाही. किंमत कशाकशाने वर-खाली होते ते सांगितलं : पुलाचा आकार, खोदाईची जमीन, भोवतीची फरशी, पाणी तापवायची सोय, वरचं आच्छादन. नुसता पूल बसवून घ्यायचा आणि बाकीचं आपण बघायचं, की सगळं तयार करून हातात घ्यायचं, यानेही फरक पडतो हे मांडलं. मग लहान, मध्यम आणि मोठ्या पुलाला साधारण कुठून कुठपर्यंत खर्च येतो, ते सांगितलं. वाचणाऱ्याला आपल्या कामाचा नेमका आकडा मिळाला नाही, पण आपण कुठल्या पट्ट्यात बसतो ते कळलं. शिवाय कोटेशन हातात आलं की त्यात काय तपासायचं हेही कळलं. ज्या माणसाला आपलं कोटेशन वाचता येतं, तो घासाघीस कमी आणि विचार जास्त करतो.

दुसऱ्या कारणात मला कधीच दम वाटला नाही. आपल्या दराची बातमी स्पर्धकाला हवी असेल तर तो कुणाकडून तरी एक फोन करून घेतो. बाजारपेठेत दर कुणापासूनही लपत नाही. लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून.

तिसरं कारण सगळ्यांत नाजूक. किंमत वाचून काही लोक परत गेलेच असणार. पण ज्यांचं बजेटच तेवढं नाही, ते घरी बोलावून, चहा पाजून, दोन तास घेऊनही शेवटी परतच गेले असते. विक्री करणाऱ्या माणसाच्या संध्याकाळी मोजक्याच असतात. त्या कुणासाठी खर्च होतात हा पैशाचाच प्रश्न आहे.

परिणाम काय झाला? किंमत शोधणाऱ्याला इंटरनेटवर उत्तर एकाच ठिकाणी मिळत होतं, त्यामुळे सर्च इंजिनात तो लेख वर येत गेला. कोणता ग्राहक पहिल्यांदा कुठल्या पानावर उतरला, याची नोंद कंपनी सॉफ्टवेअरने ठेवत होती. त्या नोंदीवरून २०१३ सालापर्यंत या एका लेखातून निदान १७ लाख डॉलरची विक्री झाल्याचं शेरिडन यांनी सांगितलं. त्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने या कंपनीची हकिगत छापली, तेव्हा जाहिरातीचा खर्च पूर्वीच्या जवळपास दहाव्या हिश्शावर आला होता.

खोट सांगणारा लेख

किमतीच्या लेखापेक्षाही मला दुसरा एक लेख जास्त धाडसाचा वाटतो. फायबरग्लासच्या पुलांच्या अडचणी कोणत्या, असा तो लेख, आणि लिहिणारा फायबरग्लासचेच पूल विकणारा.

यातली एक अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. फायबरग्लासचा पूल कारखान्यात अखंड टप म्हणून तयार होतो आणि ट्रेलरवर ठेवून रस्त्याने गिऱ्हाइकाच्या घरी येतो. रस्त्यावरून किती रुंद वस्तू नेता येते याला मर्यादा आहे. त्यामुळे हे पूल साधारण सोळा फुटांपेक्षा रुंद मिळत नाहीत. आकारही कारखान्यात जेवढे साचे तेवढेच. कुणाला वीस फूट रुंद किंवा अंगणाच्या कोपऱ्यानुसार वळणारा पूल हवा असेल तर फायबरग्लास त्याच्या कामाचा नाही. त्याने काँक्रीटचाच बांधून घ्यायला हवा.

विक्रेत्याने हे स्वतः लिहिलं की दोन गोष्टी होतात. वीस फुटी पूल हवा असलेला माणूस फोन करतच नाही, त्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि आपलाही. आणि ज्याला चौदा फूट पुरेसे आहेत त्याच्या लक्षात येतं की हा माणूस स्वतःच्या मालाची अडचणही सांगतो. मग पुढे तोच माणूस सांगतो की काँक्रीटचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि काही वर्षांनी वरचा थर नव्याने करावा लागतो, किंवा व्हिनाइलचं अस्तर लावलेल्या पुलाचं अस्तर ठरावीक काळाने बदलावं लागतं. तेव्हा हे बोलणं निंदा वाटत नाही, तुलना वाटते. स्वतःची बाजू आधी उघडी केल्याशिवाय दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलायचा अधिकार मिळत नाही, हे गावातल्या कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याला ठाऊक असतं.

आणखी एक लेख होता व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडच्या परिसरातल्या चांगल्या पूल बांधणाऱ्यांची यादी देणारा. त्यात शेरिडन यांनी स्पर्धकांची नावं दिली आणि स्वतःच्या कंपनीचं नाव ठेवलं नाही. त्यांना हा प्रश्न गिऱ्हाईक खरंच विचारायचं : तुमच्याशिवाय आणखी कुणाकडे चौकशी करावी? लोक ही नावं इंटरनेटवर शोधायचे, आणि शोधताना रिव्हर पूल्सच्या पानावर येऊन पोचायचे. प्रत्येक धंद्यात हे जमेल असं मला वाटत नाही. लहान गावात, जिथे स्पर्धक म्हणजे चुलत्याचं दुकान असतं, तिथे अशा यादीने वेगळेच वाद सुरू होतील. पण मागचा विचार ध्यानात ठेवावा : गिऱ्हाईक तुलना करणारच आहे, ती आपल्या अंगणात बसून केली तर बरं.

वाचून आलेलं गिऱ्हाईक

पुढे नोंदी चाळताना शेरिडन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जो माणूस भेटीआधी वेबसाइटची तीसेक पानं वाचून आलेला असे, तो सुमारे ८० टक्के वेळा खरेदी करत असे. त्या धंद्यात घरी जाऊन केलेल्या भेटीतून विक्री होण्याचं सरासरी प्रमाण ते १० टक्के सांगतात. मग त्यांनी भेट ठरवतानाच गिऱ्हाइकाला वाचायला लेख पाठवायला सुरुवात केली. हे आधी वाचा, मग मी येतो.

या आकड्याकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. तीस पानं वाचणारा माणूस मुळातच खरेदीच्या तयारीत असतो, त्यामुळे सगळं श्रेय लेखांचं नाही. तयारीतला माणूस जास्त वाचतो आणि जास्त वाचल्याने त्याची तयारी पक्की होते, अशी दोन्ही बाजूंनी ही गोष्ट चालते. तरीही विक्रेत्याच्या दृष्टीने तिचा उपयोग मोठा आहे. कुणाकडे आधी जायचं ते कळतं. शिवाय पहिल्या तासातले तेच ते प्रश्न लेखांनी आधीच मिटवलेले असतात. भेटीत मग त्या घराचं अंगण, त्या घरातली मुलं, त्यांची जमीन यांवर बोलता येतं.

विषय शोधण्याच्या बाजूने पाहिलं तर याचा आणखी एक फायदा झाला असणार, आणि माझ्या मते तो सगळ्यांत टिकाऊ आहे. वाचून आलेला माणूस पुढचा प्रश्न विचारतो. ‘केवढ्याला पडतो’ हे वाचून आलेला विचारतो, ‘आमची जमीन खडकाळ आहे, मग?’ म्हणजे पुढचा लेख आपोआप समोर येतो. पहिली यादी आठवून करावी लागते. नंतरची यादी वाचकच करत जातात.

हे चाललं कशामुळे, आणि कुठे चालणार नाही

हे सगळं शेरिडन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पुढे ते याच विषयावर व्याख्यानं देणारे आणि कंपन्यांना सल्ला देणारे म्हणून नावारूपाला आले, तेव्हा गोष्ट सांगताना तिचे कोपरे घासले जाणं स्वाभाविक आहे. २००९ नंतर अमेरिकेची अर्थव्यवस्थाही हळूहळू सावरत गेली. त्याचा वाटाही धरायला हवा. पण त्या परिस्थितीत धंदा टिकला आणि वाढला. पुढे कंपनी पूल बसवण्यावर न थांबता स्वतः पूल तयारही करू लागली.

काळाचा भाग मोठा होता. २००९ साली त्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर जवळजवळ कुणीच लिहिलेली नव्हती. पहिल्याने दार उघडलं आणि सगळी गर्दी आत आली. आज बऱ्याच धंद्यांत दहा-दहा जणांनी किमतीवर लिहून ठेवलेलं असतं. साध्या प्रश्नाचं उत्तर तर आता सर्च इंजिन किंवा एआय थेट देऊन टाकतं, वाचक आपल्या पानापर्यंत येतही नाही. म्हणून कुणालाही ठाऊक असलेलं पुन्हा लिहिण्यात अर्थ उरलेला नाही. आपल्या कामात मोजलेलं, पाहिलेलं, बिघडलेलं आणि दुरुस्त केलेलं जे आहे ते मात्र दुसरं कुणी लिहू शकत नाही.

वस्तूचाही भाग आहे. पन्नास हजार डॉलरची, वीस वर्षं अंगणात राहणारी वस्तू घेताना माणूस आठवडेच्या आठवडे वाचतो. वडापाव घेताना कुणी वाचत नाही. घराचं बांधकाम, छतावरची सोलर, लग्नाचं केटरिंग, दातांवरचे उपचार, मुलांचे क्लास, ट्रॅक्टर, गाळपाची यंत्रं, गळक्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, म्हणजे जिथे पैसा मोठा, चुकलं तर पस्तावा मोठा आणि जाणकार ओळखीचा माणूस हाताशी नाही, तिथे हा मार्ग लागू पडतो.

हापूसवाल्याच्या हाती हे प्रकरण दिलं तर

आपल्याकडचा एक धंदा घेऊन पाहू, कारण अमेरिकेतल्या अंगणातून आपल्या परसात आलं की या पद्धतीची ताकद जास्त कळते. देवगड-रत्नागिरीकडचे पुष्कळ बागायतदार आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवतात. त्यांच्या वेबसाइटवर आणि फेसबुकवर सहसा काय असतं? कोकणचा राजा, अस्सल चव, नैसर्गिक पिकवलेला, बागेचे फोटो. सगळं खरं असतं. पण व्हॉट्सअ‍ॅप उघडून गिऱ्हाइकांचे मेसेज वाचले तर तिथे वेगळंच चाललेलं असतं.

‘दादा, पेटी चार डझनाची की सहा?’ ‘फळ केवढं असतं?’ ‘बाजारात एवढ्याला मिळते, तुमची महाग का?’ ‘हा कर्नाटकचा तर नाही ना?’ ‘कार्बाइडचा नाही कशावरून?’ ‘हिरवे आले, कधी पिकणार?’ ‘दोन खराब निघाले, काय करायचं?’

यातला प्रत्येक मेसेज हा मथळा आहे, आणि तोही गिऱ्हाइकाच्या शब्दांत तयार मिळालेला. कर्नाटकातला हापूस आणि कोकणातला हापूस यांत फरक कसा करायचा, यावर बागेत वाढलेला माणूस सालीच्या जाडीपासून वासापर्यंत जे लिहील ते कुणा लेखकाला लिहिता येणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा गिऱ्हाइकाला नेमका काय उपयोग, हा दुसरा लेख. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे. मग ‘नैसर्गिक पिकवलेला’ म्हणजे आपल्याकडे नक्की काय करतात, गवताच्या अढीत किती दिवस ठेवतात, हा तिसरा.

आणि मग साका. हापूस विकणाऱ्याला सर्वांत नको असलेला विषय. फळ बाहेरून देखणं असतं, दाबून पाहिलं तरी कळत नाही, कापलं की बाठ्याजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. एवढ्या महागाच्या पेटीत असं एक फळ निघालं की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याकडे जातं, आणि का गेलं ते सांगतही नाही.

शेरिडन यांच्या जागी बसून या विषयाचा लेख कसा होईल? मथळा, ‘हापूसमध्ये साका का निघतो आणि निघाला तर आम्ही काय करतो’. सुरुवातीलाच सांगायचं की साका बाहेरून ओळखता येत नाही, आमच्या बागेतल्या फळांतही निघतो आणि पेटी भरताना तो हाताने शोधून काढणं आम्हालाही जमत नाही. मग कारण : हा रोग किंवा कीड नाही. फळाच्या आतच होणारा बिघाड आहे. तापलेल्या जमिनीची झळ, फळ झाडावर जास्त दिवस राहणं यांनी तो वाढतो. म्हणून फळ पूर्ण तयार होईपर्यंत झाडावर न ठेवता चौदा आण्यांवर, देठासकट उतरवायचं, झाडाखाली गवत-पाल्याचं आच्छादन ठेवायचं. यातलं आम्ही काय काय करतो, ते बागेच्या फोटोसकट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही, हेही सांगायचं. मग हापूसच का घ्यायचा, याचं उत्तर चवीवर सोडून द्यायचं. शेवटी व्यवहार : साका निघालेल्या फळाचा कापलेला फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे पुढच्या पेटीत वळते करू, किंवा परत देऊ. जे ठरवलं असेल ते स्पष्ट आकड्यात.

हा लेख वाचून एखादा कचरेल, मागणी देणार नाही. पण ज्याने मागच्या वर्षी दुसऱ्याकडून घेतलेल्या पेटीत साका पाहिलाय, तो याच माणसाकडे येईल. कारण त्याला जे झालं त्याचं नाव घेणारा हा पहिला विक्रेता असेल. पुलाच्या सोळा फुटांबद्दल जे झालं तेच इथे होतं. मालातली खोट विक्रेत्याच्या तोंडून कळली तर गिऱ्हाईक ती मालाची म्हणून धरतं. कापताना कळली तर विक्रेत्याची म्हणून.

एक फरक मात्र इथे लक्षात घ्यावा लागेल. शेरिडन यांचं गिऱ्हाईक सर्च इंजिनात आपल्या भाषेत पूर्ण प्रश्न टाइप करत होतं. आपलं गिऱ्हाईक मराठी प्रश्न कधी देवनागरीत लिहितं, कधी रोमन लिपीत, आणि आता पुष्कळदा नुसतं बोलून विचारतं. म्हणून लेख लिहिला की तो शोधात कधी वर येईल याची वाट पाहत बसू नये. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच प्रश्न विचारला की उत्तरादाखल त्या लेखाची लिंक पाठवायची. लिहिलेलं निदान त्या माणसापर्यंत तरी पोचतंच, आणि शेरिडन भेटीआधी जे वाचायला पाठवत होते त्याचंच हे आपल्याकडचं रूप आहे.

प्रश्न गोळा करायची वेळही ठरलेली आहे. एप्रिल-मे मध्ये लिहायला सवड नसते, पण प्रश्नांचा पाऊस त्याच वेळी पडतो. तेव्हा फक्त टिपून घ्यायचं, तेही पेट्या भरणाऱ्या मुलांना आणि डिलिव्हरीवाल्यालाही सांगून, कारण तक्रार पहिल्यांदा त्यांच्या कानावर जाते. पैसे भरायच्या पायरीवर येऊन गप्प झालेल्यांना एक फोन करून, काय अडलं ते विचारायचं. ही माहिती पेटी घेणाऱ्यांपेक्षा न घेणाऱ्यांकडून जास्त मिळते. पावसाळ्यात बागेचं काम कमी असतं, तेव्हा आठवड्याला एक याप्रमाणे लिहून काढायचं. किंमत आणि साका आधी, बाकीचं मागून. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की मागच्या वर्षीचं गिऱ्हाईक आगाऊ नोंदणीची चौकशी करायला लागतं. तोवर हे लेख वाचायला तयार असले पाहिजेत.